हलकी जमीन, भारी जमीन : येळ्ळूर ते कणकुंबी

जांबोटीकडच्या आमच्या काकांच्या बोलण्यात जमिनीच्या दोनच जाती आहेत, भारी आणि हलकी. भारी म्हणजे काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी, सोयरीक जुळवताना हळूच विचारली जाणारी. हलकी म्हणजे तांबडी, उथळ, खडेरी. मीही हेच शब्द वापरत मोठी झाले, मृदाशास्त्र शिकले आणि दोन वर्षं अमेरिकेत उत्तर आयडाहोच्या डोंगरांत, सूचिपर्णी जंगलात माती मोजायच्या कामाला गेले. तिथे पहिल्याच आठवड्यात मातीने भरलेलं घमेलं उचलायला गेले तर हात एकदम वरच आला. ज्वालामुखीच्या राखेची ती माती. एवढी हलकी माती मी कधी धरली नव्हती. आणि त्या डोंगरातली सगळ्यात उंच झाडं नेमकी त्याच मातीवर उभी होती.

परत आल्यावर हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "असंल बाय, खरं हलक्या जमिनीत झाड एवढं उंच जातंय, हे काय मला पटंना." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्या वाचकांसाठी.) मग ठरलं की आपल्याच भागातली ज्वालामुखीची माती एका दमात पाहायची. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी येळ्ळूर आणि राजहंसगड, दुसऱ्या दिवशी जांबोटी आणि कणकुंबी. एका बाजूने मोजलं तर सगळं मिळून साठ-सत्तर किलोमीटर, पण तेवढ्यात माती तीनदा बदलते.

कोणाला जायचं असेल तर मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. पावसाळ्यात कणकुंबीकडे धुकं आणि जळवा, आणि मातीचा खरा रंग ओलीत कळत नाही. मे महिन्यात जांभ्याची जमीन इतकी कडक होते की खुरपं उडून हाताला लागतं.

राजहंसगड बेळगावपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. गडावर सकाळी आठच्या आत पोचा, ऊन तिरपं असताना खालच्या शिवाराचे रंग वेगवेगळे दिसतात. येळ्ळूर, वडगाव, शहापूरकडची भातशेती, म्हणजे ज्या मातीत बेळगाव बासमती व्हायचा ती काळी माती. आम्ही गेलो तेव्हा बरीच कापणी झाली होती आणि काही वावरांत मसूर पेरायची गडबड चालली होती. भातानंतर पाणी न देता, जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर येतो. भारी जमिनीची खरी ओळख ती.

खाली उतरून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही मातीचा पहिला नमुना घेतला. माझ्याकडे 100 घनसेंटिमीटरचं लोखंडी कडं आहे. ते जमिनीत हलक्या हाताने ठोकायचं, बाहेर काढून दोन्ही तोंडं सुरीने सपाट करायची, माती डब्यात घालायची. प्रयोगशाळेत ती 105 अंशांवर वाळवतात. घरी तव्यावर मंद आचेवर वजन उतरायचं थांबेपर्यंत परतली तरी फरक दिसण्यापुरतं काम होतं. तेवढं पाणी घेतलं तर त्याचं वजन 100 ग्रॅम. येळ्ळूरची माती अर्थातच त्याच्या बरीच पुढे गेली. आयडाहोच्या जंगलातली तेवढीच माती वाळवली की पाण्याहून हलकी भरते. अशा मातीला 'अँडिसॉल' हे नाव मिळायची एक अटच अशी आहे की घनता दर घनसेंटिमीटरला 0.90 ग्रॅम किंवा त्याहून कमी हवी. नाव जपानी 'अँडो'वरून आलंय, 'अँ' म्हणजे गडद आणि 'डो' म्हणजे माती. अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणात हा गट 1990 साली स्वतंत्र झाला. जगाच्या बर्फाविना जमिनीत त्याचा वाटा 1 टक्क्याहूनही कमी आहे.

इथे एक ठळक इशारा. आदल्या आठवड्यात अवकाळी सर पडून गेली होती. बांधाच्या कडेने गाडी दहा फूट पुढे घेण्याचा मोह मला आवरला नाही आणि मागचं चाक काळ्या मातीत रुतलं. दोन बैल आणि चार माणसं लागली. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातलं स्मेक्टाइट नावाचं चिकण खनिज पाणी आपल्या पापुद्र्यांमध्ये घेतं म्हणून असं होतं. पाऊस पडून गेल्यावर किमान आठवडाभर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा.

दुसऱ्या दिवशी बेळगावातच टाकी भरून निघालो. जांबोटी तिथून तीस किलोमीटरच्या आसपास. रस्ता चोर्ला घाटातून गोव्याला जातो, त्यामुळे मोठ्या गाड्यांची वर्दळ असते, वळणावर उभं राहून खडक पाहू नका. जांबोटीच्या पुढे फोनची रेंज जाते-येते. पाट्या कानडीत असतात, गावात मराठी सगळ्यांना येते, तरी 'केंपु मण्णु' म्हणजे तांबडी माती आणि 'एरे मण्णु' म्हणजे काळी, एवढं पाठ असलं की वाटेतला माणूस हसून चार गोष्टी जास्त सांगतो.

भाताची खाचरं सरून रताळ्याची वावरं आणि काजूच्या बागा लागतात, तिथे माती तांबडी व्हायला लागते. काकांच्या काजूच्या रानात पोचेपर्यंत ती पार विटेसारखी झालेली असते. काळी आणि तांबडी, दोन्हींच्या मागे आग तीच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दक्खनभर लाव्हा पसरला. त्याची दक्षिण कड आपल्या जिल्ह्यात संपत येते, आणि खानापूरच्या दक्षिणेला त्याहून कितीतरी जुने खडक वर दिसतात. (गोकाकचा 52 मीटरचा धबधबा बेसाल्टवरून, म्हणजे लाव्हाच्या खडकावरून, पडत नाही, कलादगीच्या वालुकाश्मावरून पडतो, म्हणून ही माती बघायला तिकडे जाऊ नका.) फरक पडला तो पाण्याने. जिथे पाऊस बेताचा आणि पाणी तुंबून राहतं, तिथे खडकातली सिलिका आणि चुना मातीतच राहिले आणि काळी माती झाली. घाटमाथ्यावर बेळगावच्या कितीतरी पट पाऊस पडतो. त्या पावसाने उष्ण हवेत लाखो वर्षं ते धुऊन नेलं आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. तोच जांभा. त्याचे चिरे कापून आमची घरं झाली, आणि जिथे ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथे बॉक्साइट मिळालं.

आयडाहोत काय झालं ते आता सांगते, कारण काकांना काजूच्या सावलीत बसून मी तेच सांगितलं. दक्षिण ओरेगॉनमध्ये माझामा नावाचा पर्वत होता. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी तो फुटला, माथा आत कोसळला, तिथे आज क्रेटर लेक आहे. त्याची राख सहाशे किलोमीटरवरच्या डोंगरांवर जाऊन पडली. राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. वितळलेल्या खडकाच्या फेसाचे झटक्यात गारठलेले काचेचे तुकडे, आत पोकळ्या असलेले. थंडीत आणि हिवाळ्यातल्या बर्फाखाली ही काच फार हळू बदलते, त्यामुळे तिच्यातली बरीचशी अजून काचच आहे. जी बदलली तिची अॅलोफेन आणि फेरिहायड्राइट अशी, नीट स्फटिकही न झालेली अतिसूक्ष्म खनिजं झाली. वर डग्लस फर, सीडर, हेमलॉक यांच्या सुयांचा कुजका थर असतो. त्यातल्या आम्लात ॲल्युमिनियम सुटून ह्यूमसला, म्हणजे कुजून काळ्या झालेल्या पाल्याला, घट्ट धरून बसतं. या सगळ्यात पोकळी इतकी, की माती स्पंजासारखी होते. तिथले उन्हाळे कोरडे असतात. बर्फाचं पाणी त्या वीतभर-दोन फुटांच्या थरात साठून राहतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये झाडं त्यावर जगतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर राखेचा थर जास्त टिकलाय. दक्षिणेकडच्या उतारांवर तो धुपून गेला, आणि तिथली झाडीही विरळ.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ती आमच्या भारी जमिनीचं काम करतीया, अंग हलकं असून."

मी दोन वर्षं जे लिहीत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

मग त्यांनी तांबडी माती मुठीत घेऊन, थोडं पाणी टाकून, अंगठ्याने तर्जनीवर जोरात घासली. ती खरखरली, खडे बोचले, बोटावर गेरूसारखा डाग उरला. राखेची ओलसर माती असंच घासत राहिलं तर ती एकदम लोण्यासारखी सरकते आणि बोट ओलं होतं, कारण पोकळ्यांत धरलेलं पाणी दाबाने सुटतं. पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मला दचकायला झालं होतं. या मातीचा धोकाही त्यातच आहे. ओल्या दिवसांत तिच्यावरून जड यंत्र गेलं की पोकळ्या चेपतात आणि मग दशकानुदशकं भरून येत नाहीत. लाकूड ओढणाऱ्या एका ठेकेदाराने वसंतात, बर्फ वितळत असताना यंत्र घातलं होतं. त्या चाकोऱ्यांत मी नंतर खुरपं घातलं तर कडेला हात कोपरापर्यंत सहज जात होता, चाकोरीत बोटभरही नाही. तिथे लावलेली रोपं खुरटी राहिली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आता तुमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना उपयोगी पडेल अशी गोष्ट. राखेची माती आणि आपला जांभा यांत वजनाचं काही साम्य नाही, पण दोघांना स्फुरदाचा (फॉस्फरसचा) लोभ सारखाच. राखेच्या मातीत अॅलोफेन आणि फेरिहायड्राइट स्फुरद धरून ठेवतात. आपल्या तांबड्या मातीत ते काम लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं करतात. सुपर फॉस्फेट विस्कटून टाकलं की त्यातला मोठा भाग मातीच गिळते आणि मुळांपर्यंत थोडंच पोचतं. काका दर वर्षी तेच करत होते आणि पीक वाढेना म्हणून पुढच्या वर्षी पोतं वाढवत होते. त्यापेक्षा खत ओळीत, बियाण्याजवळ, शेणखतात मुरवून द्या. माती परीक्षणात आम्लता निघाली तर चुना किती घालायचा ते रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, मनाने घालू नका.

दुपारी काकूंनी नाचण्याची भाकरी आणि मसुराची आमटी वाढली. जेवून पुढे कणकुंबीला गेलो, जिथे मलप्रभा उगम पावते. देवळापाशी गर्दी नव्हती. रस्त्याकडेच्या कातरलेल्या दरडीत वरून खाली जांभ्याचे थर सलग दिसतात : वर खडे, मध्ये कडक पापुद्रा, खाली पांढरट-तांबडे डाग असलेली मऊ माती. जवळ लोहचुंबक असेल तर सुटे खडे लावून बघा, काही पटकन चिकटतात. दरडीला हात लावा, खणू मात्र नका. भीमगड अभयारण्य याच भागात आहे, 2011 पासून. तिथे जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि आत माती उकरणं, नमुना उचलणं चालत नाही. अस्वल आणि गवे रस्त्यावरही येतात, म्हणून अंधार पडायच्या आत परत फिरा. नमुना हवाच तर खाजगी रानात, मालकाला विचारून घ्या.

बऱ्याच जणांनी विचारलं, आयडाहोची माती आणली का? नाही. परवान्याशिवाय परदेशातली माती भारतात आणता येत नाही, तिच्यातून रोग आणि किडी येतात, आणि तो नियम मला पूर्ण पटतो. राखच बघायची असेल तर एवढं लांब जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यात बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. सुमात्रातल्या टोबाचा सुमारे 74,000 वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला, त्याची राख भारतात अनेक नद्यांच्या गाळात मिळते. बोरीच्या थराच्या वयावर अभ्यासकांचा वाद आहे. पुढची फेरी तिकडेच करायची ठरलीय, आणि काकांनी आत्तापासूनच त्यांचं जुनं खुरपं घासून ठेवलंय.

परतताना त्यांनी लोखंडी कडं मागून घेतलं. या हंगामात काजूच्या दोन ओळींना शेणखतात मुरवलेलं सुपर आणि शेजारच्या दोन ओळींना नेहमीसारखं विस्कटून, असं करून बघणार आहेत. फेब्रुवारीत मोहोर किती धरतो ते मोजायला मला बोलावलंय.