उंदराचा पत्ता

नोकरीत असताना माझं निम्मं आयुष्य पत्ते शोधण्यात गेलं. डेंग्यूचा रिपोर्ट यायचा. त्यावर पेशंटचं नाव, वय, आणि पत्ता म्हणून 'मारुतीच्या देवळामागे'. चार देवळं पालथी घालून घर सापडेपर्यंत पेशंट गावाला गेलेला असायचा. म्हणूनच मुंबईच्या प्लेगबद्दल वाचताना एका बारीकशा गोष्टीपाशी मी थबकले. १९०५-०६ साली परळच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या उंदरालासुद्धा पत्ता होता! तो कुठे सापडला याची चिठ्ठी त्याच्यासोबत यायची.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढची काही वर्षं सरकारचा सगळा जोर माणसांवर. घरं उघडायची, आजाऱ्याला इस्पितळात न्यायचं, बाकीच्यांची छावणीत रवानगी, स्टेशनावर प्रवाशांच्या जांघा-बगला चाचपायच्या. लोकांनी आजारी लपवायला सुरुवात केली. (मीही लपवला असता.) केसच लपल्या तर माग कशाचा काढणार?

गंमत म्हणजे लोकांना खूण ठाऊक होती. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो असं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितलं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९०३मध्ये मुंबईतल्या एका चाळीत आधी उंदीर मेले, मग रहिवाशांना पिसवांनी हैराण केलं आणि पाठोपाठ प्लेग आला. प्लेगवर संशोधन करणारे डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी तिथल्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा तपासल्या, तर जवळजवळ निम्म्या उंदरावरच्या निघाल्या. यजमान मेल्यावर त्या बिचाऱ्या जाणार कुठे!

१९०५मध्ये प्लेग संशोधन आयोगाचं काम सुरू झालं आणि शहरभरातले उंदीर गोळा होऊ लागले. वर्षभरात लाखाच्या वर. प्रत्येक उंदीर फाडून बघायचा, कुठल्या जातीचा ते नोंदवायचं, प्लेगचा निघाला तर ती जागा नकाशावर मांडायची. किती कंटाळवाणं काम असेल! पण त्यातूनच क्रम हाती आला. आधी गटारातले तपकिरी उंदीर मरतात. साधारण दहा दिवसांनी घरातले काळे. त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं. म्हणजे गटाराकडे नीट बघितलं तर चाळीला तीनेक आठवड्यांची आगाऊ नोटीस. मला डेंग्यूत कधी तीन दिवसांचीही मिळाली नाही.

तरी 'हवेतून पसरत असेल' ही शंका उरतेच. त्यासाठी त्यांनी पिसवांनी भरलेल्या खोलीत गिनिपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे ठणठणीत राहिले. खोली तीच, हवाही तीच, पण पिसूची उडी जेमतेम चार इंचांची.

इथे मी वाचन थांबवलं आणि आमची जुनी खोली आठवली. रात्री चटया ओळीने अंथरायच्या, भिंतीपासून दारापर्यंत. खाट एकच होती, तीही आजोबांची.