गंजलेलं लोखंड समुद्राला कसं पचतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी रसायनशास्त्र शिकवते, राहते नेरूळला, खाडीच्या बाजूला. वाळवंटातली धूळ वाऱ्यावर समुद्रात जाते आणि तिच्यातलं लोह तिथल्या सूक्ष्म वनस्पतींना मिळतं, असं वर्गात म्हटलं की कुणीतरी हमखास हात वर करतं, "मॅडम, लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं ना? मग मिळणार कसं?" सोसायटीतही हेच विचारतात. खाडीच्या वाऱ्याने ज्यांच्या खिडक्यांचे ग्रिल खाल्लेत, त्यांना हे सुचणारच.

आणि अडचण खरोखर तीच आहे. या धुळीत वजनाने साधारण साडेतीन टक्के लोह असतं, पण ते गंजाच्या जातभाईंत नाहीतर चिकणमातीत अडकलेलं. समुद्राच्या पाण्याचा सामू (pH, आम्लतेचं माप) आठच्या आसपास, म्हणजे ते आम्लधर्मी नाही. तिथे ते सुटत नाही. ताज्या धुळीतल्या लोहाचा शंभरातला एखादा भाग विरघळला तर विरघळला, बाकीचं तळाशी. भर समुद्रात वरच्या पाण्यात विरघळलेलं लोह इतकं कमी, की गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्या पाण्याने भरली तरी मिठाच्या एका दाण्याएवढंही निघणार नाही.

मग सुटतं कुठे? वाटेत, हवेतच.

आई लोखंडी कढईत आमटीला चिंच घालू द्यायची नाही. ती गावाला गेली असताना मी घातली. आमटी काळपट झाली, जिभेवर खिळा चोखल्यासारखी चव. चिंचेच्या आम्लाने कढईचं लोखंड सोडवलं होतं. धुळीच्या कणाचं तेच होतं. धुरातल्या गंधक आणि नायट्रोजनच्या वायूंपासून सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल बनतं, ते कणावरच्या ओलाव्यात उतरतं आणि लोह हळूहळू मोकळं करतं. ढगांच्या थेंबांत ऑक्झॅलिक आम्लही असतं (अळू खाजतो तो याच्याच क्षाराच्या सुयांमुळे). ते लोहाला धरून ठेवतं, ऊन मदतीला असतंच. जाडे कण लवकर खाली पडतात. बारीक लांब जातात, म्हणून आम्लाला वेळही जास्त मिळतो. पुढे समुद्रातले सेंद्रिय रेणू या सुटलेल्या लोहाला कवटाळतात, नाहीतर ते पुन्हा गंजून बुडालं असतं.

म्हणजे धूर समुद्राला खाऊ घालतो? काही अंशी, हो. याचं कौतुक करायला मी बसलेले नाही. रात्री खिडक्या लावून झोपणाऱ्यांतली मीही आहे.

पुढचा प्रश्न ठरलेला: मग आपणच लोह टाकूया की, वनस्पती वाढतील आणि हवेतला कार्बन शोषून तळाशी नेतील! टाकून झालंय. 2009 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर 'पोलारश्टेर्न' जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये ते केलं. वनस्पती वाढल्या, पण बारीक जीवांनी त्या फस्त केल्या आणि कार्बन तळाशी फारसा गेलाच नाही.

23 जानेवारी 2022 चा रविवार आठवतो? पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने आभाळ पांढुरकं झालं होतं, गाड्यांवर पिठासारखा थर. मी बोनेटवरची चिमूटभर बशीत घेऊन लिंबू पिळलं. काहीही झालं नाही. दहा मिनिटांत होणारही नव्हतं. ढगांकडे दिवस असतात. बशी धुऊन टाकली, ओट्यावर मात्र दोन दिवस बोट फिरवलं की धूळ लागत होती.