मास्तरांची संस्था

फोंड्यात माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पाऊस सरून दिवाळी झाली की आमच्या भागात जत्रांचे दिवस सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्री नाटक आलंच. त्या दिवसांत निम्म्या गिऱ्हाइकांच्या तक्रारीत कुठेतरी नाटक असतं. कुणाची संहिता उघडत नाही, तर कुणाच्या पेनड्राइव्हमधलं पार्श्वसंगीत गायब.

मास्तर आले ते स्कूटरवर, सीपीयू दोन पायांच्या मध्ये धरून. निवृत्त मराठी शिक्षक, गावच्या नाट्य मंडळाचे दिग्दर्शक. "पुता, याला व्हायरसची बाधा झालीय. दर पाच मिनिटांनी लाल पाटी येते. जत्रेला बारा दिवस उरलेत आणि तिसरा अंक टाइप व्हायचाय."

मशीन लावलं. खरंच, खाली उजव्या कोपऱ्यात पाटी आली: संगणकात ५ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा. मीही त्या लाल रंगाला भुललो आणि अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावला. अडीच तास गेले, सापडलं काही नाही. पाट्या मात्र येतच होत्या. दुसरं साधन लावणार, तेवढ्यात पाटीवरच्या बारीक अक्षरांकडे लक्ष गेलं. तिथे गूगल क्रोमचं नाव होतं आणि शेजारी कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता. क्रोम पूर्ण बंद केलं, मागे चालणारं सुद्धा टास्क मॅनेजरमधून संपवलं. दहा मिनिटं एकही पाटी नाही. पुन्हा चालू केलं, पाटी हजर.

"मास्तर, कुठे 'अलाऊ' दाबलं होतं का?"

"दाबलं ना. जुन्या नाट्यपदांची रेकॉर्डिंगं शोधत होतो. त्यांनी म्हटलं, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा. सिद्ध करा म्हटल्यावर शिक्षक मागे हटेल होय?"

म्हणजे बाधा नव्हतीच. त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली होती, आणि ती व्हायरसच्या नावाने जाहिराती फेकत होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनखाली अशा तीन साइट्स निघाल्या. तिन्ही काढल्या. दोन मिनिटांचं काम. अडीच तास स्कॅन बघत बसलेल्या मला ते चांगलंच झोंबलं. वेबपेजला आपली डिस्क तपासताच येत नाही, हे मीच लोकांना सांगत असतो. एकदा एका पोराच्या मोबाइलवर 'तुमचं विंडोज धोक्यात आहे' असं आलं होतं, तेव्हा आम्ही पोटभर हसलो होतो.

मशीन परत देण्याआधी सहज शोधपट्टीत दोन शब्द टाकले. पत्त्याच्या जागी क्षणभर एक अनोळखी नाव चमकलं आणि निकाल उघडले भलत्याच सर्च इंजिनवर. नवीन टॅब उघडला, तोही वेगळाच. खरा घुसखोर हा होता, आणि त्याने एकदाही आरडाओरडा केला नव्हता. मास्तर म्हणाले, "ते तर गणपतीपासून तसंच आहे. मला वाटलं, क्रोमने रूप बदललं."

एक्स्टेन्शनच्या, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या यादीत चोर सापडला, पण त्याला काढायचं बटणच चालेना. मेनूच्या तळाशी ओळ होती: हा ब्राउझर तुमची संस्था व्यवस्थापित करते. घरच्या मशीनवर, कुणी मुद्दाम लावून दिलेलं नसताना, ही ओळ दिसली की मी सावध होतो.

"मास्तर, तुमची संस्था कुठली?"

"आमचं नाट्य मंडळ!" ते अभिमानाने म्हणाले. "पण व्यवस्थापन कुणी बघत नाही."

फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर उतरवताना त्याच्या सोबत हे पाहुणे आले होते. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, क्रोमसाठी लिहिलेली पॉलिसी (एक्स्टेन्शन काढू न देणारा नियम) काढली, मग एक्स्टेन्शन गेलं. मशीन पुन्हा सुरू केलं तर महाशय परत! ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये, अपडेटसारखं साळसूद नाव घेऊन, एक काम दर लॉगिनला त्याला पुन्हा बसवत होतं. ते काढलं, कन्व्हर्टर काढला, सर्च इंजिन मूळचं केलं. दोनदा रीस्टार्ट करून बघितलं. आता शांत.

डेस्कटॉपवर एक आयकॉन उरला होता. दुरून संगणक चालवायचं अ‍ॅप. मी विचारलं तेव्हा मास्तर बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

एका पाटीवर त्यांनी क्लिक केलं होतं. पूर्ण पडदा भरला, भोंगा वाजायला लागला, बंद करायचं चिन्ह दिसेना, मध्यभागी मायक्रोसॉफ्टचं नाव आणि फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरलं असतं, नाहीतर टास्क मॅनेजरमधून क्रोम संपवलं असतं, तरी ते गेलं असतं. मास्तरांनी फोन लावला.

"इतकं अदबीने बोलत होता रे. सर, सर करत होता. मग बाण आपोआप फिरायला लागला, तसं मी भिंतीवरचं बटणच बंद केलं."

"बँकेचं काही?"

"मी पासबुक घेऊन बँकेत जातो. मोबाइलवर पैसे ठेवत नाही."

अ‍ॅप काढलं. ईमेलचा पासवर्ड माझ्या समोरच, त्यांच्या फोनवरून बदलायला लावला. दुसऱ्या दिवशी पासबुक भरून आणायला सांगितलं, आणि एक रुपया जरी कमी दिसला तरी लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा म्हणून नंबर बिलाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहून दिला. तिसऱ्या अंकाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली. स्कॅनच्या अडीच तासांचे पैसे लावले नाहीत.

पायरी उतरताना ते थांबले. "मुलाला सांगू नकोस. तो मला पुन्हा हात लावू देणार नाही मशीनला."

मुलाचा फोन संध्याकाळीच आला, बाबांच्या मशीनला काय झालं होतं म्हणून. क्रोमचं सेटिंग बिघडलं होतं, असं मी सांगितलं.