व्हॉल्व्ह बदलला

रविवार, संध्याकाळ

अ‍ॅक्टिव्हाच्या पुढच्या चाकातली हवा सारखी उतरत होती. खिळा नाही, काच नाही. पंक्चरवाल्याने चाक पाण्यात फिरवलं आणि "काही नाही हो ताई" म्हणून परत बसवलं. काल रात्री साबणाचं पाणी घेऊन मीच बसले. व्हॉल्व्ह सरळ असेपर्यंत एक बुडबुडा नाही. अंगठ्याने जरासा वाकवला मात्र, रिमला टेकतो तिथून बारीक फेस यायला लागला. बुडाच्या रबराला गोल चिरा पडल्या होत्या. गाडी दिवसभर उन्हात, त्यात हवा भरणारी पोरं नळी हिसडून काढतात. रबर तरी किती सोसणार?

व्हॉल्व्हच्या आतली, हवा अडवणारी पिन नुसती बदलून हे भागत नाही. ट्यूबलेसचा, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरचा, अख्खा व्हॉल्व्ह आणला, टीआर ४१२ मापाचा. पन्नासच्या नोटेतून सुटे परत आले.

गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढून खाली विटा सारल्या, ब्रेकची आणि मीटरची केबल सोडवली, चाक काढलं. पिन काढून हवा पूर्ण सोडली. आता टायरची कड रिमपासून सुटेल तर शपथ! वर उभी राहून नाचले, तरी ढिम्म. शेवटी शेजारच्या काकांची बुलेट आणून तिचा साइड स्टँड रिमलगत टायरवर टेकवला आणि सगळा भार दिला.

"पंक्चरवाल्याला शंभर रुपये टाकले असतेस तर?"

"काका, तुम्ही फक्त बुलेट धरा."

कड सुटली. एकाच बाजूची सुटली तरी पुरे, टायर उतरवावा लागत नाही. जुना व्हॉल्व्ह आतून ब्लेडने कापला, भोकाचा गंज पॉलिश पेपरने घासला. नवा साबणाच्या पाण्यात बुडवून आतून घातला आणि बाहेरून पक्कडीने ओढला. टोपण लावूनच ओढायचा, नाहीतर आटे जातात. टप्प! बसला. एवढी धडपड आणि मूळ काम मिनिटभराचं.

पायपंपाने ट्यूबलेसची कड बसत नाही, एकदम जोरात हवा लागते. म्हणून चाक मांडीवर घेऊन काकांच्या मागे बसून पेट्रोल पंपावर. पिन न लावताच हवा भरायला सांगितली. फाट करत कड बसली. मग पिन लावून २२ पीएसआय भरली. व्हॉल्व्ह चारही बाजूंनी वाकवून पाहिला, फेस नाही.

मागचा व्हॉल्व्हही त्याच वयाचा आहे. पण ते चाक काढायचं तर आधी सायलेन्सर उतरवावा लागतो. ते काम पंक्चरवाल्याचं.