ओझरला दुसरा रनवे येतोय, पण जमिनीवरच्या गोंधळाचं काय?

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर दुसरा रनवे होणार, आत्ताच्या रनवेला समांतर, ही बातमी आल्यापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता आनंदीआनंद चाललाय. कुंभाला विमानं वाढणार, आणखी शहरं जोडणार वगैरे वगैरे. आनंद मलाही आहे, पण मला विमान अपघातांचे रिपोर्ट वाचायची खोड आहे (बायको म्हणते जेवताना तरी नको) आणि समांतर रनवे, त्यात चालू बांधकाम, असं एकत्र दिसलं की मला आधी तैवानमधलं तैपेई आठवतं.

३१ ऑक्टोबर २००० ची रात्र, वादळ, धो धो पाऊस, सिंगापूर एअरलाइन्सचं जंबो लॉस एंजेलिसला निघालेलं. तिथे दोन समांतर रनवे, ०५ डावा आणि ०५ उजवा. जायचं होतं ०५ डाव्यावरून. शेजारचा ०५ उजवा दुरुस्तीसाठी बंद होता, त्याचा थोडा भाग फक्त टॅक्सीवे म्हणून, म्हणजे विमानं रनवेपर्यंत नेण्याचा रस्ता म्हणून वापरायचे. पायलट वळले नेमके उजव्यावर. आता पायलटला शिव्या घालणं सोपं आहे, पण जमिनीवरचे हिरवे दिवे सलग तिकडेच वळत होते, आणि सरळ डाव्या रनवेकडे जाणारे दिवे लांब लांब, त्यातला एक बंद, एक मंद. बंद रनवेच्या तोंडाशी आडवं काहीच लावलेलं नाही. टॉवरला पावसात विमान दिसत नव्हतं आणि ग्राउंड रडार नव्हता. कॉकपिटमधलं एक उपकरण मात्र सांगत होतं की तुम्ही बरोबर रनवेवर नाही, पण समोर रनवे दिसतोय ना, मग झालं तर! पुढे काँक्रीटचे ब्लॉक आणि खोदकामाची मशिनं. १७९ पैकी ८३ माणसं गेली.

अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनलाही तेच, २७ ऑगस्ट २००६. तिथेही काम चालू, टॅक्सीवे बदललेले, पायलटच्या हातातला नकाशा जुना. पहाटेच्या अंधारात विमान लांब रनवेऐवजी ३५०० फुटी छोट्या रनवेवर गेलं. को-पायलट बोलला सुद्धा की लाइट्स नाहीत, विचित्र आहे. कॅप्टननी हो म्हटलं आणि दोघं पुढे निघाले. ५० पैकी १ वाचला.

पण मला सगळ्यात जास्त छळतं ते मिलानचं लिनाते, ८ ऑक्टोबर २००१, दाट धुकं. छोटं सेसना चुकीच्या टॅक्सीवेवर शिरलं, आणि त्या पायलटनी रेडिओवर आपण कुठे आहोत ते चक्क बरोबर सांगितलं, जमिनीवर एस ४ असं रंगवलेलं होतं तेच वाचून. फक्त हे एस ४ टॉवरमधल्या कंट्रोलरला माहीतच नव्हतं, नकाशात नव्हतं! त्यानी आपलं समजून घेतलं की विमान भलतीकडे आहे आणि जा पुढे म्हणाला. सेसना रनवेवर आलं, तिकडून एसएएस या एअरलाइनचं मोठं प्रवासी विमान, एमडी-८७, टेकऑफ घेत होतं. ११८ जण गेले. म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहून तुम्ही फोनवर बरोबर पत्ता सांगताय आणि समोरचा मुंबई नाक्याचा रस्ता सांगतोय.

म्हणून ओझरचं मला जास्त वाटतं. तिथे नुसती प्रवासी विमानं नाहीत, एचएएल या सरकारी कंपनीचा विमान कारखाना आहे, सुखोई, तेजस ही लढाऊ विमानं त्याच रनवेवरून उडतात. त्यात आता जेसीबी, डंपर, ठेकेदाराची माणसं येणार, आणि टार्गेट काय तर कुंभाच्या आत काम संपवा. घाईत पाटी लावायची राहते, जुना पिवळा पट्टा खरवडायचा राहतो, पावसात तो परत चमकतो.

टर्मिनल किती मोठं होणार, पार्किंग किती याच्या बातम्या भरपूर येतील हो. मला वेगळंच विचारायचंय. बंद भागातल्या लाइट्सचं कनेक्शन तोडणार की नुसतं बटण बंद ठेवणार? तोंडाशी बॅरिकेड लागणार का? रनवेच्या अलीकडे लाल स्टॉप बार, म्हणजे 'इथे थांबा' सांगणारी लाल दिव्यांची आडवी ओळ, बसवणार का? आणि जमिनीवर जे रंगवलंय तेच टॉवरच्या नकाशात आहे का, हे दर आठवड्याला चालत जाऊन कोण बघणार? ग्रुपमधले दोघं-तिघं एचएएलमधून रिटायर झालेत, त्यांना विचारून ठेवलंय, अजून तरी फक्त अंगठाच आलाय.