तिळूचा बाप कोण?

लसीकरणाच्या कार्डावर ‘जात’ या रकान्यात डॉक्टरांनी पेन्सिलीने ‘लॅब’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह खोडायला मला दीड वर्ष लागलं.

तिळूची आई ल्युसी, समोरच्या काकूंची. फिकट पिवळी लॅब्रॅडॉर. 2023च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना बिचकून ती फाटकातून सटकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखून परत आली. ती हीटवर, म्हणजे माजावर आहे हे दिवाळीच्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भोगीच्या दिवशी सहा पिल्लं झाली. कुत्रीचे दिवस साधारण 63 असतात. 12 नोव्हेंबर ते 14 जानेवारी, मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले, बरोबर 63. म्हणजे ‘कधी’ हा प्रश्न मिटला, ‘कोण’ तेवढं उरलं.

सहाही पिल्लं काळी कुळकुळीत. संक्रांतीच्या तोंडावरची म्हणून आमच्या वाट्याला आलेलीचं नाव तिळू.

गल्लीचा निकाल पाच मिनिटांत लागला. पिल्लं काळी, म्हणजे बाप काळा, म्हणजे कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधला काळा लॅब. त्याच्या मालकांना मी आडून आडून विचारलं, तर ते हसत सुटले. “अहो, त्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली!”

मग संशय आईवर आला. एका पिल्लं विकणाऱ्याने ल्युसीला बघून तोंड वाकडं केलं. “ही प्युअर नाही, मॅडम. लॅब म्हणजे पंच फेस पाहिजे, डबल बोन पाहिजे.” काकूंचा चेहरा पडला. ल्युसीकडे कागदपत्रं नाहीत, त्यामुळे त्याला उत्तर काय देणार? मी घरी येऊन वाचत बसले, आणि त्या माणसाचा मला अजून राग आहे. ‘पंच फेस’ म्हणजे आखूड, रुंद तोंड; आणि ‘डबल बोन’ असली काही हाडं कुत्र्याला नसतात, तो विक्रीचा शब्द. लॅबमध्येच दोन घडणी आहेत. शोसाठी वाढवलेली भरदार, रुंद डोक्याची, आखूड पायांची. आणि शिकारीच्या कामासाठी वाढवलेली सडपातळ, उंच, निमुळत्या तोंडाची. दोन्ही शेजारी उभी केली तर वेगळ्या जाती वाटाव्यात. अमेरिकन केनेल क्लबच्या मापात मादीचं वजन 25 ते 32 किलो बसतं. ल्युसी 26. आपल्याकडे गुबगुबीत लॅब बघायची इतकी सवय झालीय की नीट वजनातली कुत्री उपाशी वाटते. रंगाचंही तसंच. ‘पिवळा’ या एका शब्दात सायीसारख्या फिकटपासून कोल्ह्यासारख्या तांबड्यापर्यंत सगळं येतं.

खरा सुगावा लागला तो स्कूटी पंक्चर झाली तेव्हा. मुख्य रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर राजा नावाचा तांबूस गावठी कुत्रा टायरींच्या ढिगावर झोपलेला असतो. त्या दिवशी तो उठला, आळस दिला आणि शेपटी पाठीवर चकलीसारखी वळवली. मी हवा भरायचं विसरून बघत राहिले. तिळू खूश झाली की तिची शेपटी अशीच वळते. लॅबची शेपटी बुंध्याशी जाड, सरळ, पाणमांजरासारखी; ती अशी वळत नाही. शिवाय तिळूचे कान अर्धे उभे राहून टोकाशी मोडतात, तेही तिथलेच वाटले.

पण पिवळी आई, तांबूस बाप आणि सहाही पिल्लं काळी? काकू म्हणाल्या, “काहीतरीच काय! दूध आणि चहा मिसळून कोळसा होतो का?”

होतो. ल्युसीचं नाक बघा, काळं आहे. डोळ्यांच्या कडाही काळ्या. म्हणजे काळा रंग तिच्यात आहे, फक्त केसांत उतरत नाही. कारण एका जनुकाच्या तिच्याकडच्या दोन्ही प्रती बंद आहेत. ही अडचण प्रच्छन्न असते, दुसऱ्या बाजूने एक चालू प्रत मिळाली की संपते. राजाकडे ती चालू आहे. त्याचा तांबूसपणा वेगळ्याच कारणाने येतो, आणि लॅबकडे पिढीजात असलेलं प्रबळ काळं जनुक त्याच्यावर मात करतं. ल्युसीने काळा दिला, राजाने कुलूप काढलं. उलट बाप पिवळा लॅब असता तर सगळी पिल्लं पिवळीच झाली असती. म्हणूनच रस्त्यावरच्या कुठल्याही काळ्या, आखूड केसांच्या मिश्र कुत्र्याला ‘लॅब मिक्स’ म्हणण्यात फसगत होते. रंगावरून बाप ठरत नाही.

स्वभावावरून तर नाहीच. तिळू चेंडू आणून देते तेव्हा सासरे म्हणतात, “बघ, लॅबचं रक्त!” आणि ती भिंतीवर चढून बसते तेव्हा म्हणतात, “गावठीच शेवटी.” 2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो कुत्र्यांचा अभ्यास केला, तेव्हा वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम 9 टक्के जातीशी जोडता आले. सासऱ्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिळूला पोळीचा तुकडा टाकला.

एक गोम राहतेच. एकाच वेताच्या पिल्लांचे बाप दोन असू शकतात, आणि त्या रात्री ल्युसी कुठेकुठे फिरली हे तिलाच ठाऊक. तिळूच्या एका भावाची शेपटी अजिबात वळत नाही. पण मी फक्त तिळूपुरतं बोलतेय.

गेल्या महिन्यात बूस्टरला गेलो, तर दवाखान्यातल्या मुलाने नवं कार्ड काढलं. “जात काय लिहू, ताई?”

“मिश्र.”

“कशाचं?”

“आई लॅब्रॅडॉर. बाप पंक्चरवाल्याकडचा.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग तिळूच्या शेपटीकडे, आणि पेनाने लिहिलं: लॅब + गावठी.