सेक्रेटरीबाई, तुम्ही पोलिसांना फोन का करत नाही?

हा प्रश्न मला जिन्यात विचारला जातो, भाजीच्या गाडीपाशी विचारला जातो आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत तर हमखास. विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे, साठीच्या पुढचे. तिसऱ्या मजल्यावर कॉलेजची पोरं भाड्याने राहतात, रात्री गाणी लावतात, गच्चीवर वाढदिवस करतात आणि मी सेक्रेटरी असून ११२ ला फोन करत नाही. "तुम्ही तर कोर्टात नोकरी केलीत, कायदा तुम्हाला पाठ, मग घाबरता कशाला?" असं समोरच्या काकू परवा म्हणाल्या. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फोन मी केलेला आहे. एकदाच.

२०२५ चा जानेवारी होता. खिडक्या बंद, अंगावर दोन रजया, तरी गच्चीवरच्या गाण्याचा धडधडाट भिंतीतून खाली उतरत होता. सासूबाई तेव्हा होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कशीबशी लागलेली झोप बाराच्या ठोक्याला 'हॅपी बर्थडे'च्या आरोळीने मोडली आणि त्या लहान मुलासारख्या रडायला लागल्या. मी वीस मिनिटं वाट पाहिली. वर जाऊन सांगावं असं मनात आलं होतं. पण गुडघे, थंडी, आणि खरं सांगायचं तर राग. यांना एकदा कळू दे, असं वाटत होतं. फोन लावला.

आधी मोटरसायकलवरून बीट मार्शल आले, पाठोपाठ गाडी. मला बरं वाटलं, हेही लपवत नाही. जिन्यात बुटांचा आवाज झाला, वर गेला आणि गाणं थांबलं. इथवर सगळं मला हवं तसंच झालं. आता पावलं खाली येतील म्हणून मी दाराशी उभी होते, ती येईनात. वरून कुणाचं तरी "सर, बंद केलंय ना आम्ही" ऐकू आलं. मग "शूटिंग करतोस काय रे?" आणि मग तो आवाज. दिवाळीआधी गच्चीत गाद्या झोडपतात ना, तसा. मधूनमधून थांबत, पुन्हा.

गच्चीवर पाच जण होते. खाली नेताना सहा दिसले. सहावा फ्लॅटमध्ये झोपला होता, सकाळी त्याचं सबमिशन होतं. पोलिसांनी दार वाजवलं, त्याने उघडलं, एवढाच त्याचा यात भाग. अंगावर हाफ पँट, खांद्यावर चादर, एका पायात चप्पल. "सर, मी झोपलो होतो" हे वाक्य तो माझ्या दारासमोरून जाईपर्यंत दोनदा म्हणाला. माझं दार साखळीएवढं उघडं होतं. मी ते लावून घेतलं.

पहाटे पाचला पोरं चालत परत आली. दुपारी मी वर गेले, काय बोलायचं ते न ठरवताच. त्या झोपलेल्या पोराने दार उघडलं. बाकीचे पडून होते, हा भिंतीला खांदा टेकून उभ्याउभ्या चहा पीत होता. बस म्हटलं तर हसला. पाठमोरा वळला तेव्हा मांडीच्या मागच्या बाजूला दोन तांबड्या रेघा दिसल्या, अगदी समांतर, आणि मधली पट्टी फिकी, पांढरट. या रेघा मी तोवर फक्त कागदावर पाहिल्या होत्या. नाशकातल्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं मी कागदच हलवले, त्यात वैद्यकीय दाखले आले. काठी बसते तिथलं रक्त दोन्ही कडांना दाबलं जातं, म्हणून मधली जागा पांढरी राहते आणि कडा रंगतात. डॉक्टर ते एका ओळीत लिहितात. मीही ती ओळ एका ओळीसारखीच वाचत आले होते.

आमच्या कागदांत आणखी एक लाडका शब्द होता, 'सौम्य बळाचा वापर'. वर्तमानपत्रांत त्याचा 'सौम्य लाठीमार' होतो. आपल्या नाशकात मिसळ सौम्य मिळते, ते समजू शकतं. काठी सौम्य कशी असते?

पण या पोरांच्या वाट्याला तेवढी ओळसुद्धा आली नाही. गुन्हा नाही, अटक नाही, काहीच नाही. फार तर ठाण्याच्या डायरीत 'समज देऊन सोडले' असं असेल. आणि इथेच माझ्यातली कारकून खवळते. अटक झाली असती तर कारण सांगावं लागलं असतं, घरी कळवावं लागलं असतं, डॉक्टरांकडून तपासणी झाली असती, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागलं असतं. कारण आणि चोवीस तास राज्यघटनेतच आहेत, बाकीचं सुप्रीम कोर्टाने १९९६ साली कोठडीतल्या अत्याचारांबद्दलच्या डी. के. बसू खटल्यात घालून दिलं, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पण ही सगळी खुंटाळी 'अटक' या एका शब्दावर टांगलेली. 'अटक नाही हो, नुसतं समज द्यायला आणलंय' म्हटलं की खुंटी निघते आणि सगळं खाली. मार खाल्ला कुणी, दिला कुणी, किती वाजता, कशावरून, कुठेच नोंद नाही.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते मीही दिलेलं आहे. "केस केली असती तर पोरांचं करिअर बरबाद झालं असतं. त्यापेक्षा दोन फटके परवडले." आपल्याकडे ही दया समजली जाते. खुद्द पोरांनाही पोलिसांनी हेच सांगितलं, की उपकार माना, नाहीतर सरकारी कामात अडथळ्याचं कलम लावलं असतं. माझं म्हणणं, हा हिशेबच खोटा आहे. गाण्याच्या आवाजासाठी एका हाताला करिअर आणि दुसऱ्या हाताला काठी, असे दोनच पर्याय कायद्याने ठेवलेले नाहीत.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. ४५ म्हणजे साधारण जुन्या फ्रिजची घरघर. त्या रात्री गच्चीवर त्याच्या कितीतरी वर चाललं होतं, पोरं चुकलीच होती, त्यात वाद नाही. सुप्रीम कोर्टाने १८ जुलै २००५ च्या निकालात आवाज करणारी यंत्रं जप्त करायची तरतूद करा असं सांगितलं. सार्वजनिक उपद्रवाला नव्या न्याय संहितेत, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, दंड आहे, एक हजार रुपयांपर्यंत. म्हणजे पोलिसांनी तो डब्याएवढा ब्लूटूथ स्पीकर उचलून नेला असता, पावती दिली असती, दंड लावला असता, तर त्या वयात तेवढं पुरे होतं. स्पीकर नेल्याचं दुःख त्यांना वर्षभर पुरलं असतं.

बळ वापरायचं म्हटलं तर त्यालाही रीत आहे. जमाव हटवायचा तर आधी निघून जायचा हुकूम द्यायचा, तोही कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, ठाण्याच्या प्रमुखाने किंवा तो नसेल तर किमान पीएसआयने. ऐकलं नाही तर पुढचं. अटक करताना झटापट झाली तर तेवढ्यापुरतं. गाणं बंद करून उभ्या राहिलेल्या पोराला मारायला कुठलं कलम नाही. शिक्षा म्हणून फटके तर न्यायाधीशालाही देता येत नाहीत; इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ती शिक्षा १९५५ साली कायदा करून रद्द झाली. सत्तर वर्षांपूर्वी न्यायासनावरून काढून घेतलेली गोष्ट आमच्या गच्चीवर रात्री साडेबाराला कुणी कशी देऊ शकतं?

पोलिसांच्या बाजूनेही बोलते. त्यांतला एक शिपाई माझ्या भाच्याच्या वयाचा असेल, डोळे लाल, बहुधा सकाळपासून बंदोबस्तावर. त्याच्याजवळ डेसिबल मोजायचं यंत्र नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं आणि आणखी चार ठिकाणचे फोन वाजत होते. शिवाय पोरांतला एक जण उलट बोलला असणार. मोबाईल काढला हे तर मीच ऐकलं. नोकरीत असताना पाहिलेलं सांगते, असल्या प्रकरणांत पहिला फटका बहुतेक वेळा आवाजाबद्दल नसतोच. तो 'का?' विचारल्याबद्दल असतो.

तिसऱ्या दिवशी त्या झोपलेल्या पोराचे वडील आले, सटाण्याकडून, एसटीने. आधी माझ्या दारात. हातात पिशवी, पिशवीत घरची डाळिंबं. "ताई, पोरांमुळं तुम्हाला लई त्रास झाला, माफी करा." मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि बोलायला काही सुचेना म्हणून कायदा सांगत बसले. पोलिसांविरुद्ध तक्रारीसाठी राज्याचं आणि विभागाचं प्राधिकरण आहे. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवायला सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलंय, ते मागता येईल. (मारलं होतं गच्चीवर, तिथे कसला कॅमेरा! पण पोरांना पहाटेपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं, एवढं तरी दिसलं असतं.) ते शांतपणे ऐकत राहिले. मग टोपी सारखी करत म्हणाले, "ताई, पोराला अजून दोन वर्षं इथंच काढायचीत." पिशवी ठेवून वर गेले. मला काही ती डाळिंबं सोलवली नाहीत, सासूबाईंना कामवालीने सोलून दिली.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, २३ जानेवारीला, मुंबई हायकोर्टाने कुर्ल्याच्या एका प्रकरणात निकाल दिला. प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांबद्दलचा. पोलिसांनी पायरीपायरीने जावं: आधी समज, मग दंड, मग जप्ती आणि परवाना रद्द. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव विचारत बसू नये, उघडही करू नये. पेपरात वाचलं तेव्हा मला पायऱ्यांचं जास्त वाटलं. भोंग्याला चार पायऱ्या, आमच्या पोरांना एकही नाही. नावाच्या मुद्द्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

मधल्या काळात हवाही बदलली. २०२५ च्या ऑक्टोबरात शहरात गुंडांविरुद्ध मोहीम निघाली आणि पकडलेल्यांकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणवून घेतलेल्या चित्रफिती घरोघरी पोचल्या. गुंडगिरीने गांजलेल्या माणसाला त्यात आनंद वाटला, मला तो कळतो. पण आमच्या सोसायटीत त्यानंतर बोलण्याची तऱ्हाच बदलली. "तिसऱ्या मजल्यावाल्यांनाही एकदा बालेकिल्ला दाखवा" असं एक निवृत्त प्राध्यापक लिफ्टमध्ये हसत म्हणाले. लिफ्टमध्ये त्याच मजल्यावरचा एक पोरगा होता. तो मोबाईलमध्ये पाहत राहिला.

आणि हे शहर कोणतं? ज्याच्या नावाने ढोल देशभर ओळखला जातो ते नाशिक. मिरवणुकीत खिडकीच्या काचा थरथरतात तेव्हा आपण कानात कापूस घालून गॅलरीत उभे राहतो, वरून मोबाईलवर काढतोही. तिथे काठी आडवी धरून, हात जोडून विनवणारे पोलीस मी पाहिलेत. म्हणजे हात जोडता येतात त्यांना. समोर कोण आहे त्यावर असतं. भाड्याने राहणाऱ्या, मतदारयादीत नाव नसलेल्या, बाप सटाण्याला असलेल्या पोरापुढे जोडावे लागत नाहीत.

फोन मीच केला होता हे पोरांना सांगायला मला आठ महिने लागले. सासूबाई गेल्या तेव्हा शववाहिनीपर्यंत खांदा द्यायला हीच पोरं खाली आली, त्या झोपलेल्या पोरासकट. तेराव्यानंतर मी त्याला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "माहितीये काकू. वर आले तेव्हाच म्हणाले होते, खालच्या बाईंनी फोन केलाय म्हणून." म्हणजे आठ महिने माझं गॅस सिलिंडर वर आणताना, लाइट गेल्यावर टॉर्च घेऊन येताना, त्याला ठाऊक होतं. मी काय बोलणार? चहा टाकला.

आता वर आवाज झाला की मी स्वेटर घालून जिना चढते. दोन मजले, गुडघ्यांना धरून साडेचार मिनिटं. बहुतेकदा मी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत गाणं बंद झालेलं असतं. माझ्या काठीचा आवाज त्यांना ओळखू येतो. कधी बंद होत नाही, तेव्हा भांडतेही. एकदा स्पीकर काढून आणून तीन दिवस माझ्या कपाटात ठेवला. कायद्यात बसतं की नाही माहीत नाही म्हणणार नाही, बसत नाही हे मला चांगलं माहीत आहे.

तेव्हा फोन करतच नाही असं नाही. मागच्या आठवड्यात मागच्या लॉन्सवर लग्न होतं, पावणेबारापर्यंत डीजे. त्याला परवाना आहे, मालक आहे, मालकाला वकील आहे. तिथे मी ११२ लावला. गाडी आली, गेटवर बराच वेळ उभी राहिली. आवाज थोडा कमी झाला, गाडी गेली आणि सव्वाबारापर्यंत पुन्हा चालू. कुणाला खाली बसताना त्रास झाल्याचं ऐकलं नाही.